दयेचा वाटा

‘आपली कृपा’ म्हटलं, की ऐकणारा सुखावतो. ‘तुझी कीव येते’ म्हटलं, की भांडण जुंपतं. गंमत अशी, की हे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत. संस्कृतातल्या ‘कृपा’चं प्राकृतात ‘किवा’ झालं आणि तिथून मराठीत ‘कींव’, ‘कीव’ आली. आणखी मागे गेलं तर ‘कृप्’ हा धातू लागतो. त्याचा अर्थ विलाप करणं, हळहळणं. पुढे तत्सम रूप देवळात, दरबारात आणि पत्राच्या मायन्यात जाऊन बसलं: कृपादृष्टी, कृपावंत, कृपया. तद्भव रूप मात्र लोकांच्या तोंडी झिजलं आणि झिजताझिजता त्याला तुच्छतेचा वास लागला. कृपा वरून खाली येते, कीवही वरूनच खाली पडते. कृपा मागताना माणूस आपणहून खालच्या पायरीवर उभा राहतो. कीव करताना दुसरा त्याला तिथं ढकलतो. ‘कृपण’ हाही याच कुळातला. त्याचा जुना अर्थ दीनवाणा, ज्याच्याकडे पाहून जीव हळहळावा असा. आज कृपण म्हणजे चिक्कू. ज्याला मिळायला हवं होतं, तोच शब्दाच्या प्रवासात न देणारा होऊन बसला.

दुसऱ्याच्या दुःखासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. दया, करुणा, कणव, कळवळा, माया, जिव्हाळा, अनुकंपा, सहानुभूती, माणुसकी. यातल्या प्रत्येक शब्दात दोन माणसं असतात: एक दुःखातला, दुसरा त्याच्याकडे पाहणारा. ती दोघं एका जमिनीवर उभी आहेत, की एक ओट्यावर आणि एक ओट्याखाली, यावर त्या शब्दाचं पुढचं आयुष्य ठरतं, असं मला वाटत आलं आहे. हे पडताळून पाहायला वऱ्हाड ही चांगली जागा आहे. अमरावती-अकोल्याच्या या मुलखात हे शब्द पोथीपेक्षा कीर्तनात, पाणपोईवर, महारोग्यांच्या वस्तीत आणि तहसील कचेरीत जास्त वापरले गेले आहेत.

कचेरीपासूनच सुरुवात करू. ‘अनुकंपा’ हा संस्कृतातला फार देखणा शब्द. ‘कंप’ म्हणजे थरथर, ‘अनु’ म्हणजे मागोमाग. एक थरथरला आणि त्याला पाहून दुसराही थरथरला, ती अनुकंपा. बुद्धाच्या उपदेशात हा शब्द वारंवार येतो, तो याच अर्थानं. आज मराठी माणसाला तो भेटतो फक्त एका ठिकाणी: ‘अनुकंपा तत्त्वावर नोकरी’. कमावता कर्मचारी नोकरीत असताना गेला, की त्याच्या मुलाचं किंवा पत्नीचं नाव अनुकंपा यादीत लागतं आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतं. ‘अनुकंपाचं काय झालं?’ असा प्रश्न बाबूला विचारला जातो तेव्हा त्यात थरथर असते ती विचारणाऱ्याच्या आवाजात. योजना चांगलीच आहे. तिच्यामुळे कितीतरी चुली पेटत्या राहिल्या. पण भावनेचा शब्द तत्त्वाला चिकटवला, की तो शब्द फायलीचा होतो, आणि फाइल कुणाच्या मागोमाग थरथरत नाही.

‘दया’ या शब्दाचं उलटं झालं. आज आपण दयेला मनातली गोष्ट समजतो: दया येते, दया दाटते. पण हा शब्द ज्या ‘दय्’ धातूपासून आला, त्याचा वैदिक संस्कृतातला अर्थ वाटून देणं, वाटा घेणं, वाट्याला येणं असा आहे. दया आधी हातानं करायची गोष्ट होती, मनात ती नंतर शिरली. समोर भाकर आहे आणि दोन तोंडं आहेत, तेव्हा भाकरीचे दोन तुकडे करणं म्हणजे दया. त्या क्षणी डोळ्यांत पाणी आलं किंवा नाही आलं, तरी वाटा पडलेला असतो.

वऱ्हाडानं हा मूळ अर्थ कोश न उघडता ओळखला होता, असं म्हणावं लागतं. अमरावती जिल्ह्यातल्या दोन संतांची नावंच पाहा. यावलीचा माणिक हा मुलगा गुरूंच्या, वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या, संगतीत मागून आणलेल्या तुकड्यांवर राहायचा, म्हणून त्यांनी त्याला ‘तुकड्या’ म्हटलं. माणिक हे रत्नाचं नाव सुटलं आणि भाकरीचा तुकडा नावात आला. १९०९ साली जन्मलेले हेच पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज झाले. गुरुकुंज मोझरीचा आश्रम त्यांनी उभारला, ‘ग्रामगीता’ लिहिली.

दुसरे डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात. वाढले आईच्या माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यांनी पाहिली. १९०५ साली घर सोडलं तेव्हा अंगावर चिंध्या, हातात काठी आणि फुटकं गाडगं. जेवायचं त्याच गाडग्यात, पाणी प्यायचं त्याच गाडग्यानं. लोकांनी दिसेल त्यावरून नाव ठेवलं: कुठं चिंधेबुवा, कुठं गोधडेबुवा आणि अखेर गाडगेबाबा. नाव ठेवणाऱ्यांनी नकळत नेमकी गोष्ट पकडली. गाडगं हे भांडं. त्यात जेवढं मावतं तेवढंच घ्यायचं. बाकीचं पुढं सरकवायचं.

बाबांचा सगळा कारभार याच हिशोबावर चालला. कीर्तनाला पैसा यायचा तो त्यांच्या पोटाला लागायचा नाही. तो पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई इथल्या धर्मशाळांत, सदावर्तांत, आंधळ्या-पांगळ्यांच्या जेवणात जायचा. ‘सदावर्त’ हाही त्यांच्या हयातीत जिवंत असलेला शब्द: ‘सदाव्रत’, म्हणजे रोज न चुकता पाळायचं व्रत. त्या व्रतात उपास नाही, दुसऱ्याचं जेवण आहे. पंढरपुरात त्यांनी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे गेली. ज्यानं बांधली त्यानं ती आपल्या नावावर ठेवली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी, बाबा गेले. आज त्यांचं नाव विद्यापीठाला आहे. विद्यापीठाच्या पाटीवर ‘गाडगे’ हा शब्द रोज हजारो विद्यार्थी वाचतात. मातीच्या भांड्याला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

आता थोडं पाण्याकडे. मराठीत करुणेचे निम्मे शब्द ओले आहेत. मन द्रवतं, हृदयाला पाझर फुटतो, माणसात ओलावा असतो किंवा माणूस कोरडा असतो. वऱ्हाडात या शब्दांना दुसरा अर्थ सांगायची गरज पडत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांना व्यापून खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांतल्या कितीतरी गावांत विहीर खणली तर पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. खोल गाळाच्या जमिनीखालचं पाणीच खारट. अकोल्यात वान धरणावरून ‘८४ खेडी योजना’ आली, तेव्हा त्या गावांच्या बोलण्यात ‘गोडं पाणी’ हे दोन शब्द किती मोलाचे झाले असतील! अशा मुलखात विहिरीच्या झऱ्याला ‘जिवंत पाणी’ म्हणतात ती नुसती अलंकारिक भाषा नाही.

‘जिव्हाळा’ याच जातीचा शब्द. वरवर पाहता त्यात जिव्हा, म्हणजे जीभ, असल्याचा भास होतो. काहीजण तसं सांगतातही: गोड बोलणं म्हणजे जिव्हाळा. ही फसवी व्युत्पत्ती आहे. त्या शब्दात जीव आहे. नखाखालचं जे मऊ, दुखरं मांस असतं त्याला जुनी माणसं जिव्हाळी म्हणत. नख खोल कापलं गेलं, की जिव्हाळीला लागलं. ‘जिव्हारी लागणं’ त्याच्याच शेजारचं. म्हणजे जिव्हाळ्याचा माणूस तो, ज्याचं दुखणं थेट आपल्या नखाखाली लागतं. जिभेनं गोड बोलणारे पुष्कळ भेटतात. नखाखालचे मोजके असतात.

‘कळवळा’ त्याच्याही पुढे जातो. भुकेनं पोर कळवळतं, काटा रुतला की पाय कळवळतो. आणि त्या पोराकडे पाहून आईला कळवळा येतो. दुखणाऱ्याची आणि पाहणाऱ्याची क्रिया एकच. इतक्या उघडपणे दोघांना एका शब्दात बसवणारा दुसरा शब्द मला मराठीत सापडलेला नाही. इथं एक मोह होतो: कळ म्हणजे वेदना आणि कळणं म्हणजे समजणं, तेव्हा ज्याला कळ येते त्यालाच कळतं, अशी जोडणी करायचा. वक्त्यांना ती आवडते. पण ‘कळणं’ हे संस्कृतातल्या ‘कल्’पासून, मोजणं-जाणणं या अर्थानं आलं आहे, आणि दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणून ते भाऊ ठरत नाहीत. शिवाय वऱ्हाडीत तर हा शब्द आणखी वेगळा वाजतो. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो: डोळा तो डोया, काळा तो काया, आणि कळवळा तो कयवया. ‘त्याले गरिबाचा लय कयवया हाय’ हे वाक्य ऐकताना वेदनेची कळ कानावरून निघून जाते. उरतो तो फक्त जीव गलबलल्याचा नाद. अर्थाचा मात्र एक कणही कमी होत नाही.

आणि ‘पाणपोई’. यातलं ‘पाणी’ सगळ्यांना दिसतं. ‘पोई’ काय, हे कुणी विचारत नाही. ती म्हणजे संस्कृतातली ‘प्रपा’, वाटसरूला पाणी पाजायची जागा. प्रपाची पवा, पवाची पोई. एकटी पोई मराठीतून गेली. पाण्याच्या आधारानं जोडशब्दात तगली. तिचं वय मात्र मोठं आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात यानं इसवीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास आपल्या दानांची यादी कोरून ठेवली आहे. त्यात नद्यांवर फुकट नावा चालवल्याचा उल्लेख आहे आणि नदीच्या दोन्ही तीरांवर प्रपा घातल्याचाही. तिथपासून अकोल्याच्या गांधी रोडवरच्या किंवा अमरावतीच्या राजकमल चौकातल्या उन्हाळ्यातल्या रांजणापर्यंत एकच शब्द वाहत आला आहे. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो तेव्हा पाणपोईवर कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही. निदान आता नाही.

‘निदान आता’ असं म्हणावं लागतं, कारण पाण्यापाशीच या मुलखात माणूसपणाचा खरा वाद झाला. तो समजून घ्यायला मराठीतला एक छोटा प्रत्यय पाहावा लागेल: ‘की’. पाटीलकी म्हणजे पाटलाचं काम आणि त्या कामापोटी मिळणारा मानपान, हक्क, जमीन. शेतकी म्हणजे शेताचं काम. महारकी म्हणजे गावानं महारांवर लादलेली कामं, आणि त्यांच्या बदल्यात पदरात पडणारं तुटपुंजं बलुतं. भावकी म्हणजे भाऊबंदांचं जाळं, गावकी म्हणजे गावाची एकत्र जबाबदारी. या ‘की’मध्ये भावना नाही. पद आहे, त्या पदाचं कर्तव्य आहे आणि त्याचा हक्कही आहे. मग ‘माणुसकी’ म्हणजे काय? माणूस या पदाचं वतन. पाटील असण्याचं काम जसं पाटलाला टाळता येत नाही, तसं माणूस असण्याचं काम माणसाला टाळता येत नाही. आणि ज्याच्याकडे काम आहे, त्याचा हक्कही मोडता येत नाही.

हा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. ‘जरा माणुसकी दाखवा’ असं म्हणताना आपण विनवणी करत असतो, जणू माणुसकी देणाऱ्याच्या खिशात आहे. १९२७ सालच्या मराठी मुलखात मात्र हा शब्द वेगळ्या सुरात उच्चारला जात होता. मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह झाला, त्याच्या भाषेत ‘माणुसकीचे हक्क’ हा शब्दप्रयोग होता. त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली, आणि १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीला भरलेल्या वऱ्हाडच्या अस्पृश्य परिषदेचं अध्यक्षस्थान डॉ. आंबेडकरांनी स्वीकारलं. पापळचे पंजाबराव देशमुख त्या चळवळीत पुढे होते. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष म्हणून त्यांनी सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या करायला लावल्या. त्यांच्या श्रद्धानंद छात्रालयात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहू लागली. या सगळ्यात कुणी कुणावर दया करावी अशी मागणी नव्हती. वतनदार आपलं वतन मागत होता. भावकी भावांपुरती, गावकी गावापुरती आणि बहुतेकदा गावकुसाच्या आतल्यांपुरती. माणुसकीला मात्र गावकूस घालता येत नाही. ते घातलं, की तिची पुन्हा भावकी होते.

अलीकडे ‘माणुसकीची भिंत’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. अकोल्यासह महाराष्ट्रातल्या अनेक गावांत अशा भिंती झाल्या: नको असलेले कपडे खुंटीला टांगून जायचं, ज्याला हवे असतील त्यानं काढून घ्यायचे. भिंत एरवी माणसांना तोडते, म्हणून हे नाव आधी कानाला खटकतं. पण या भिंतीचा एक गुण आहे. देणारा आणि घेणारा तिथं समोरासमोर येत नाहीत, त्यामुळे कृपेची कीव व्हायला वावच उरत नाही.

दुःखातल्या माणसाला काय म्हणायचं, हा प्रश्न करुणेच्या शब्दांइतकाच मोठा. कुष्ठरोगाला मराठीत ‘महारोग’ म्हणत, ‘रक्तपिती’ही म्हणत. ‘महा’ हा उपसर्ग एरवी गौरवाचा: महात्मा, महाराज, महाविद्यालय. रोगाला तो लागला आणि रोगी घराबाहेर गेला. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापलं, आणि त्या वस्तीला नाव दिलं ‘तपोवन’. संस्थेच्या नावात तो काळाचा शब्द राहिला, पण राहणाऱ्यांच्या पत्त्यावर आलं तपोवन. तपोवनात राहतो तो रोगी नव्हे, तपस्वी. तो भीक मागत नाही, काम करतो. शेती, सुतारकाम, विणकाम, जे जमेल ते. कुष्ठरोग्याच्या हातातलं भिकेचं भांडं काढून त्याच जागी हत्यार देणं, ही त्या नावाची खरी व्याख्या होती.

अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी हाच धडा वेगळ्या शब्दावर गिरवला. ‘बेवारस’. वारस अरबी, ‘बे’ हा फारसी उपसर्ग. कायद्यात हा मालमत्तेचा शब्द: ज्या वस्तूला कुणी वारस नाही ती बेवारस. एसटी स्टँडवर सापडलेल्या पिशवीला आपण बेवारस म्हणतो आणि त्याच स्टँडवर सोडून दिलेल्या मतिमंद, मूकबधिर पोरालाही. शंकरबाबांनी अशा मुलांना नावं दिली आणि वडिलांच्या जागी स्वतःचं नाव लावलं. मतदार यादीत, लग्नपत्रिकेत, आधार कार्डावर पापळकर. अठरा वर्षं झाली की अशा मुलांना बालगृहाबाहेर काढायचा नियम आहे; त्यांना आयुष्यभर राहू द्या, ही त्यांची जुनी मागणी. बाप आपल्या मुलाला अठराव्या वाढदिवशी घराबाहेर काढत नाही, एवढा साधा त्यातला युक्तिवाद. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ‘बेवारस’ शब्दातला ‘बे’ काढायला कुणाच्या तरी नावाची गरज असते, हे वझ्झरनं दाखवलं.

नाती देऊन माणसाला आत घ्यायची ही रीत वऱ्हाडात जुनी आहे. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं तीर्थ. तेराव्या शतकात तिथं वावरलेले गोविंदप्रभू, म्हणजे राऊळ, वेड्यासारखे वागत, जातीपातीचं सोवळं मोडून कुणाच्याही घरी जाऊन जेवत. त्यांच्या लीळा सांगणाऱ्या गद्यात गावकरी राऊळांना आई आणि बाप दोन्ही मानतात. आज ‘मायबाप’ हा शब्द आपण फक्त ‘मायबाप सरकार’पुरता उरवला आहे, तोही अर्ज करताना. माणसांना जोडणारी नावं मात्र लोक अजून सोडत नाहीत. पंजाबराव झाले भाऊसाहेब, पटवर्धन झाले दाजीसाहेब, डेबूजी आणि शंकर झाले बाबा. अनोळखी माणसालाही वऱ्हाडी माणूस ‘काहून बाप्पा’ म्हणून हाक मारतो. मुलखाचं नावही असंच. ‘ऐन-इ-अकबरी’त अबुल फजल सांगतो, की वरदा नदीचा तट तो वरदातट, त्यावरून हे नाव. लोकांना ही व्युत्पत्ती कोरडी वाटली असावी. रुक्मिणीचं माहेर कौंडिण्यपूर अमरावती जिल्ह्यात, तेव्हा तिच्या लग्नाला जमलेली मंडळी म्हणजे वऱ्हाड, अशी गोष्ट त्यांनी रचली. भाषाशास्त्रात ती टिकणार नाही. पण आख्खा प्रांत एका लग्नाची पाहुणेमंडळी आहे असं ज्यांना म्हणावंसं वाटलं, त्यांच्या मनाचा पत्ता तिच्यातून लागतो.

‘माया’ हा शब्द इथं सोडवत नाही. तत्त्वज्ञानात माया म्हणजे भ्रम, बाजारात माया म्हणजे जमवलेला पैसा, घरात माया म्हणजे प्रेम. शिंप्याकडे माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. अंग भरलं तर उसवून सोडता यावं म्हणून कुशल शिंपी ते ठेवतो. बाहेरून दिसत नाही. मुलाची वाढ आधीच धरून शिवलेल्या कपड्यातली माया आणि आजीच्या बोलण्यातली माया या दोन गोष्टी आहेत, असं मला तरी पटत नाही.

शेवटी ‘ऋण’. भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी एक गाव आहे, ऋणमोचन. पौषातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. गाडगेबाबांचं आरंभीचं काम इथलं: चिखलात घसरणाऱ्या यात्रेकरूंसाठी घाट, अपंगांसाठी जेवण. ऋणमोचन म्हणजे ऋणातून सुटका. मराठी मन मात्र ऋणाला सुटकेपेक्षा बंधनाच्या बाजूनं पाहतं. आपण ‘ऋणात राहू इच्छितो’, ‘ऋणानुबंध’ जपतो. फेडून टाकायचं ते कर्ज. बाळगायचं ते ऋण. कर्ज अरबीतून आलं, सावकार ‘साधुकार’पासून. सज्जनाचा धंदा असा अर्थ असलेला तो शब्द वऱ्हाडातल्या कपाशीच्या शेतावर कसा वाजू लागला, ते दापुऱ्याच्या डेबूजीनं पाहिलं होतं आणि त्यानंतरच्या पिढ्यांनीही पाहिलं.

१९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्यानं सहकुटुंब जीवन संपवलं. त्यांच्या स्मरणार्थ अनेक जण दर १९ मार्चला एक दिवस अन्न सोडतात आणि त्याला ‘सहवेदना’ म्हणतात. ‘सहानुभूती’ इंग्रजी अमदानीत घडवली गेली आणि भाषणांत वापरून गुळगुळीत झाली. म्हणून कुणाला तरी नवा शब्द लागला. एक दिवसाच्या उपासानं कुणाचं कर्ज फिटत नाही, हे उपास करणाऱ्यांनाही ठाऊक असतं. ते फक्त वाटा घेतात, आणि आपण पाहिलं तसं, ‘दय्’चा अर्थ तोच आहे.

सरकारी भाषा याच दुःखाला दोन शब्दांत बसवते: पात्र आणि अपात्र. शेतकऱ्याची आत्महत्या झाली, की जिल्ह्याची समिती बसते. कर्ज होतं का, थकलं होतं का, नापिकी होती का, असं तपासून प्रकरण मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरतं. पात्र ठरलं तर कुटुंबाला १ लाख रुपये सानुग्रह मदत. निकष लागतात, हे खरं. सार्वजनिक पैसा आहे. पण ‘पात्र’ या शब्दाचा पहिला अर्थ भांडं. ‘पा’ म्हणजे पिणं, ज्यातून प्यायचं ते पात्र. योग्यता हा त्याचा नंतरचा अर्थ: ज्यात ओतलेलं वाया जात नाही, ते भांडं योग्य. दान घेणाऱ्याची परीक्षा पाहणाऱ्या ग्रंथांनी हा दुसरा अर्थ वाढवला. गाडगेबाबांनी पंगतीत बसणाऱ्या आंधळ्याची आणि पांगळ्याची पात्रता तपासली नाही. पोट रिकामं आहे, एवढी पात्रता त्यांना पुरे होती. वृत्तपत्रं ‘आत्महत्याग्रस्त कुटुंब’ लिहितात. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेलं. त्या घरातली बाई दुसऱ्या दिवशी पहाटे उठते, गाय पिळते, पोरांना शाळेत लावते, तरी बातमीत ती गिळलेलीच राहते. तिला ‘शेतकरी’ म्हणावं. सातबाऱ्यावर नाव असो वा नसो, शेत तीच करते.

मग वापरावा कोणता शब्द? मला विचाराल तर ‘सावड’. एकेकच बैल असलेले दोन शेतकरी जोडी जमवतात. आज तुझं वावर, उद्या माझं. निंदणीला, सोंगणीला घराघरांतली माणसं आळीपाळीनं एकमेकांकडे राबतात. पैसा फिरत नाही, उपकार राहत नाहीत, हिशोब मात्र पक्का असतो. ऐन पेरणीत एखाद्या घरात मरण झालं, तर गाव आधी त्या घरचं वावर पेरून काढतं. त्याला कुणी दया म्हणत नाही, अनुकंपाही म्हणत नाही. सावडीत वरची पायरी नसते. ज्याच्या वावरात आज तुम्ही राबता, तो पुढच्या आठवड्यात तुमच्या धुऱ्यावर उभा असतो. करुणेच्या मोठ्या शब्दांनी जे साधलं नाही ते या शेतातल्या शब्दानं साधलं, कारण त्याला भावनेची वाट पाहावी लागत नाही. त्याला फक्त उद्या कुणाच्या शेतावर जायचं, एवढं ठरवावं लागतं.